नांव, गांव आणि पत्ता

मनुष्यास लांबलचक गोष्टींचा स्वभावतःच कंटाळा आहे. बारशाच्या दिवशीं मोठ्या हौसेनें ठेवलेलें चार-पांच अक्षरी नांव पाळण्याची दोरी हातची सुटण्यापूर्वींच दोन अक्षरांवर येतें. पुरुषोत्तमाचा पुरू होतो, विश्वनाथाचा विसू होतो, आणि सरस्वतीबाई जन्मभर घरांत ताई म्हणूनच वावरतात. याच्या उलट, जेथें नांव घेणें संकोचाचें तेथें आमच्या बायकांनीं उखाण्याची योजना करून दोन अक्षरांभोंवतीं दोन चरणांचा मांडव घातला. सारांश, नांव आंखूड असावें कीं लांब, हें तें कोणापुढें व कशासाठीं घ्यावयाचें यावर अवलंबून असतें.

हा विचार आम्हांस सुचण्याचें कारण मात्र पैशांचें आहे. अलीकडे घरोघर पैसा हातानें देण्याची चाल कमी होऊन तो यंत्रद्वारा नांवावर पाठविण्याची चाल पडली आहे. ज्यास द्यावयाचें त्याचें सुटसुटीत नांव टिपावें, पुढें बँकेची खूण लावावी, आणि मोकळें व्हावें. डोंबिवलीच्या फडके रस्त्यावरील फुलवालीपासून ठाण्याच्या गोखले रस्त्यावरील कापडवाल्यापर्यंत सर्वत्र हीच तऱ्हा. आतां कूटचलन, म्हणजे लोक ज्यास क्रिप्टोकरन्सी म्हणतात, त्या व्यवहारांतही लांब पत्त्यांच्या जागीं अशीं सोपीं नांवें आलीं आहेत. ही सोय खरी किती, आणि तिची किंमत कोणास द्यावी लागते, याचा विचार घरांतील वडील माणसांनीं व तरुणांनीं एकत्र बसून करण्यासारखा आहे. कारण चुकीच्या नांवावर गेलेला पैसा एकट्याचा नसतो, साऱ्या घराचा असतो.

पत्त्याचा प्रश्न आमच्या भागास नवा नाहीं. डोंबिवली लहानसें गांव होतें तेव्हां पोस्टकार्डावर गृहस्थाचें नांव व खालीं 'मु. पो. डोंबिवली, तालुका कल्याण, जिल्हा ठाणें' एवढें लिहिलें तरी पत्र बिनबोभाट घरीं येई. उरलेला पत्ता पोस्टमनच्या डोक्यांत असे. कोणते जोशी वकील, कोणते जोशी रेल्वेंत, आणि कोणत्या जोश्यांकडे दर महिन्यास मुलाची मनीऑर्डर येते, हें सर्व त्यास ठाऊक. पुढें गांव वाढलें, चाळींच्या जागीं इमारती झाल्या, आणि त्यांस नांवें देतांना लोकांनीं देवादिकांच्या कृपेवांचून दुसरा विषय जणुं वर्ज्यच मानला. 'गणेशकृपा' कोठें म्हणून विचारीत निघालेल्या पाहुण्यास स्टेशनापासून पाथर्लीपर्यंत इतक्या ठिकाणीं ती कृपा आढळते कीं, शेवटीं यजमानासच न्यावयास बोलवावें लागतें.

नांव एकटें पुरत नाहीं ही गोष्ट टपालखात्यानेंही ओळखली. एकाच नांवाचीं गांवें देशांत अनेक, लिपि अनेक, आणि हस्ताक्षरांविषयीं तर बोलावयासच नको. यावर उपाय काढणारे गृहस्थ महाराष्ट्रीयच होते. टपाल व तार खात्यांतील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित व कवि. त्यांच्या योजनेनें १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सहा अंकांचा पिनकोड सुरू झाला. पहिला अंक देशाचा मोठा विभाग दाखवितो, दुसरा त्याचा पोटविभाग, तिसरा टपालाच्या वांटणीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष टपालकचेरी. ठाणें शहर मुंबईच्या ४०० या कुटुंबांत राहून त्यास ४००६०१ पासूनचे अंक मिळाले. कल्याण-डोंबिवलीचें बिऱ्हाड ४२१ मध्यें पडलें. डोंबिवली पूर्वेस ४२१२०१ व कल्याणास ४२१३०१. ज्यानें संस्कृतांत काव्यें रचिलीं त्यानेंच देशास रुक्ष अंक द्यावे, यांत आम्हांस विरोध दिसत नाहीं. शब्दाचें मर्म ज्यास कळतें त्यासच शब्द कोठें अपुरा पडतो हेंही कळतें. शिवाय त्या योजनेंत अंकानें नांवास हांकलून दिलें नाहीं. तो नांवाच्या शेजारीं येऊन बसला. नांव चुकलें तर अंक सांवरतो, अंक चुकला तर नांव सांवरतें.

बँकांच्या व्यवहारांत हा शेजार पुष्कळ वर्षें मोडलेला होता. दुसऱ्या गांवीं पैसे पाठवावयाचे तर लांबलचक खातेक्रमांक, शिवाय शाखेची अकरा अक्षरी खूण, आणि ज्यास पाठवावयाचे त्याचें नांव, हें सर्व भरावें लागे. यांतील नांव बहुतांशी शोभेचें होतें. २०१० सालीं रिझर्व्ह बँकेनें स्पष्टच सांगितलें कीं, अशा रीतीनें आलेली रक्कम केवळ खातेक्रमांकावरून जमा करतां येईल, आणि अंक बरोबर लिहिण्याची जबाबदारी पाठविणाराची. म्हणजे आपण भक्तिभावानें 'चि. सौ. कां.' वगैरे मायन्यासह मुलीचें नांव लिहिलें, आणि अंकांत सातांच्या जागीं एक पडला, तर पैसा मुलीच्या माहेरपणास न लागतां भलत्याच्या घरीं जावयाचा.

या जाचांतून सोडविणारी यूपीआय नांवाची योजना एप्रिल २०१६ मध्यें मुंबईंत सुरू झाली. तींत खातेक्रमांक दृष्टीआड गेला व त्याच्या जागीं नांव, मग वाटोळी 'ॲट'ची खूण, आणि पुढें बँकेची वा पेढीची निशाणी, एवढाच पत्ता उरला. पडद्यामागें नांवांची वही असते. कोणत्या नांवाचें कोणतें खातें, हें त्या वहींत पाहून पैसा इकडून तिकडे जातो, आणि या साऱ्या देवघेवीचें सूत्र नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या संस्थेच्या हातीं असतें. या सोयीनें लोकांस किती भुरळ घातली, हें एका आंकड्यावरून समजेल: ऑगस्ट २०२५ या एका महिन्यांत असे दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले.

तथापि नांवाची चूक ही अंकाच्या चुकीहून निराळ्या जातीची असते. चुकलेला अंक परका दिसतो. चुकलेलें नांव ओळखीचें दिसतें. आमच्या गांवाचेंच पाहा. देवनागरींत डोंबिवली एकच. परंतु रोमन लिपींत 'ब' पुढें कोणी एक स्वर घालतो, कोणी 'व' पुढें निराळाच स्वर घालतो, आणि कोणी तो अजिबात गाळतो. १८५३ सालीं आगगाडी ठाण्यास आली व पुढच्या वर्षीं कल्याणास पोहोंचली, त्या काळच्या इंग्रजी लेखनांत ठाण्याचें 'टॅना' व कल्याणचें 'कॅलियन' होत असे. गांवांची ही गत, तर माणसांची काय वर्णावी! एका मजल्यावर दोन कुळकर्णी, एक 'के' ने आरंभ करून 'आय' ने संपणारे, दुसरे मध्येंच एक जादा अक्षर खाणारे. दोघांचींही नांवें वहींत बरोबर. पाठविणाराचें एक अक्षर हललें कीं पैसा तितक्याच प्रामाणिकपणें दुसऱ्या कुळकर्ण्यांकडे जातो. यंत्राच्या दृष्टीनें चूक झालेलीच नसते.

यावर उपाय म्हणून सरकारी व्यवस्थेनें नांव व अंक यांचा मोडलेला शेजार पुन्हां जुळविला आहे. जुन्या रीतीनें खातेक्रमांकावर पैसे पाठवितांना ज्याचें खातें त्याचें नांव आधीं दाखविण्याची सोय बँकांनीं १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असें रिझर्व्ह बँकेनें ठरविलें. आणि ३० जून २०२५ पासून यूपीआयमध्येंही पैसे देण्यापूर्वीं बँकेच्या दप्तरांत असलेलें खरें नांवच पडद्यावर दाखवावें, असा नियम झाला. त्यापूर्वीं कित्येक ठिकाणीं मनुष्यानें स्वतः घेतलेलें हौशी नांव दिसे, व कोणी भामटा एखाद्या पेढीचें नांव लावून बसला तरी तें तसेंच दिसे.

या नियमानें आमच्या एकत्र कुटुंबांत एक लहानशी गोष्ट घडली. आमच्या थोरल्या वहिनींच्या हातावर नातवास काहीं पैसे ठेवावयाचे होते. म्हणजे अर्थात् यंत्रावरून. त्यानें आजीचा नेहमींचा पत्ता काढला आणि एकदम थांबला. पडद्यावर भलतेंच नांव. पहिलें नांव निराळें, मधलें निराळें, आडनांवही निराळें. त्यानें हांक मारली, "आजी, हें कोणाचें नांव येतें आहे? पैसे दुसरीकडे जातील." वहिनींनीं चष्मा लावून पाहिलें. "माझेंच आहे. पूर्वींचें." लग्नापूर्वीं त्या नोकरीस होत्या, तेव्हां वडिलांनीं काढून दिलेलें खातें पुढेंही त्याच नांवानें चालत राहिलें. लग्नांत ताटांतल्या तांदुळांवर अंगठीनें नवें नांव लिहिलें गेलें, घरानें तें उचललें, आणि पन्नास वर्षें जुन्या नांवानें त्यांस कोणी हांक मारली नाहीं. घरांतील मुलांपैकीं एकासही तें ठाऊक नव्हतें. नातू अद्याप घुटमळत होता. वहिनी म्हणाल्या, "पाठव. तें अजून चालतें."

आम्हीं त्या दिवशीं पुष्कळ वेळ यावर विचार केला. आपल्या समाजांत पुरुषाचें नांव म्हणजे देवळाचा पाया, हलावयाचा नाहीं. स्त्रीचें नांव मात्र बिऱ्हाडाबरोबर बदलावयाचें, अशी रीति. जेथें केवळ नांवावर व्यवहार चालावयाचा तेथें ही रीति अडचणीची होते, आणि ती अडचण सोसावयाची बायकांनीं. खातेक्रमांकास लग्न माहीत नव्हतें, म्हणून तो टिकला. नियमानें खरें नांव दाखविलें, म्हणून नातवास आजीची नव्यानें ओळख झाली. परंतु ज्या घरांत विचारावयास आजी जवळ नाहीं, तेथें असें अनोळखी नांव पाहून मनुष्यानें काय करावें? थांबावें, आणि ज्यास पैसे द्यावयाचे त्याच्या तोंडून खुलासा घ्यावा. तोच शहाणपणाचा मार्ग होय.

आमच्या जुन्या सावकारीनें हा सारा विचार फार पूर्वींच करून ठेविला होता. हुंड्यांचे प्रकार होते. देखणहार हुंडी जो आणून दाखवील त्यास पैसे मिळवून देई. नामजोग हुंडीचे पैसे जिच्यांत ज्याचें नांव त्यासच मिळत. आणि शाहाजोग हुंडीचे पैसे बाजारांत पत असलेल्या शाहाच्या हातींच पडत. हुंडी चोरीची निघाली तर तो शाहा जबाबदार. पहिलींत सोय अधिक व धोकाही अधिक. तिसरींत खटपट अधिक, पण मागें कोणी तरी उभा. आजच्या प्रत्येक नव्या युक्तीस हाच प्रश्न विचारावा असें आम्हांस वाटतें: बाबारे, तूं या तिहींपैकीं कोणती?

आतां कूटचलनाकडे वळूं. त्याचा पत्ता म्हणजे काय, हें आम्हांस आमच्या एका पुतण्यानें समजाविलें. तो जर्मनींत नोकरीस असतो व गणपतीस घरीं येतो. इथीरियम नांवाच्या जाळ्यांतील पत्ता बेचाळीस अक्षरांचा: आरंभीं शून्य व एक्स, पुढें चाळीस चिन्हें, आणि तीं सर्व शून्य ते नऊ हे अंक व रोमन लिपीचीं पहिलीं सहा अक्षरें यांतूनच घेतलेलीं. हा पत्ता कोणी कचेरींत बसून देत नाहीं. प्रत्येकाच्या गुप्त किल्लीपासून तो गणितानें निघतो. म्हणूनच तो इतका लांब, कीं दोघांचा पत्ता एक येण्याची भीति व्यवहारांत उरूं नये, आणि वही राखणाऱ्या कारकुनाची गरजही पडूं नये. ती लांबी कारकुनाची जागा घेते. किल्ली ज्याच्या हातीं, पैसा त्याचा. आमच्या भाषेंत ही निव्वळ देखणहार हुंडी.

परंतु बेचाळीस अक्षरें डोळ्यांनीं ताडून पाहणारा मनुष्य विरळा. पहिलीं चार व शेवटचीं चार पाहून लोक मान डोलवितात. भामट्यांनीं हें हेरलें. ज्याच्या धनावर डोळा, त्याच्या नेहमींच्या पत्त्याशीं आरंभीं व शेवटीं जुळणारा दुसरा पत्ता तयार करावयाचा, आणि असा व्यवहार घडवावयाचा कीं तो खोटा पत्ता त्याच्या यादींत जाऊन बसावा. पुढच्या वेळीं त्यानें घाईंत तोच उचलावा. मे २०२४ मध्यें एका व्यक्तीनें असा उचललेल्या पत्त्यावर सुमारें ६ कोटी ८० लक्ष डॉलरांचें धन धाडलें. पुढें बोलाचाली होऊन बहुतेक रक्कम भामट्यानें परत केली, हें दैव. गेलेला पैसा मागें फिरविणारा अधिकारी त्या व्यवस्थेंत कोणीच नाहीं.

म्हणून या जाळ्यांतही सोपीं नांवें आलीं. २०११ सालीं नेमकॉइन, व मे २०१७ मध्यें इथीरियम नेम सर्व्हिस निघाली. तींत एखादें नांव आपल्या पत्त्यास बांधून ठेवावयाचें. मग पाठविणारानें तें नांव टिपलें कीं पुरे. पुतण्या उत्साहानें म्हणाला, "काका, आतां तीं बेचाळीस अक्षरें नकोत. माझें नांव लिहिलें कीं झालें."

"तें नांव तुझेंच, हें सांगतो कोण?"

"वही सांगते."

"आणि वही कोण राखतो?"

"सर्वजण मिळून. कोणा एकाची ती नाहीं."

"मग नांव तुझें कायमचें?"

येथें तो हंसला. नांव कायमचें नसतें. तें भाड्यानें मिळतें. पांच वा अधिक अक्षरांच्या नांवास वर्षास ५ डॉलर, चार अक्षरी नांवास १६०, आणि तीन अक्षरी नांवास ६४०. आमचे विसू व पुरू तेथें भिकेस लागले असते! भाडें थकल्यावर नव्वद दिवसांची सवलत मिळते. ती उलटली कीं पुढें तें नांव दुसरा कोणीही घेऊं शकतो. मग आपल्या वहींत जुनेंच नांव, जुनाच विश्वास, आणि पैसा नव्या मालकाकडे. बेचाळीस अक्षरांचा पत्ता कुरूप खरा, पण तो असा परक्याच्या घरांत राहावयास जात नाहीं.

संगणकशास्त्रांत झूको विल्कॉक्स या गृहस्थाच्या नांवानें प्रसिद्ध असलेला एक त्रिकोण आहे. नांव लक्षांत राहण्याजोगें असावें, त्यांत फसवणूक होऊं नये, आणि तें देणारा कोणी एक अधिकारी नसावा, या तीन गुणांपैकीं एका वेळीं दोनच साधतात, असें त्यानें २००१ सालीं मांडलें. नव्या योजना तिन्ही साधल्याचा दावा करतात. गणिताच्या बाजूनें तो दावा पुष्कळ अंशीं खराही असेल. परंतु ओळखीच्या नांवास एक अक्षर जोडून वा बदलून दुसरें नांव घेणारास अडविणारा तेथें कोण? दिसावयास नामजोग, आणि आंत देखणहार, अशी ही हुंडी आहे.

आणखी एक गोष्ट गृहस्थी माणसानें ध्यानांत घ्यावी. कूटचलनाची जमाखर्चाची वही उघडी असते; कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर किती गेलें, हें जगांतील कोणीही वाचूं शकतो. पत्ता निनांवी असेपर्यंत त्यांतून फारसा बोध होत नाहीं. पण त्याच पत्त्यास आपलें नांव बांधलें कीं, दारावरच्या पाटीखालीं घराची खतावणीच टांगल्यासारखें होतें. मुलाचा पगार किती, जांवयानें किती उसने घेतले, हें शेजाऱ्यांनीं वाचावें काय? यूपीआयच्या नांवामागें खातें झांकलेलें असतें. येथें नांव हाच खतावणीचा दरवाजा होतो. शिवाय आपल्या सरकारनें या धनास चलन म्हणून मान्यता दिलेली नाहीं. एप्रिल २०२२ पासून त्यावरील नफ्यावर शेंकडा ३० कर, व त्याच वर्षाच्या जुलैपासून विक्रीच्या रकमेंतून शेंकडा १ ची कपात, असा कायदा आहे.

यावरून आम्ही सोप्या नांवांच्या विरुद्ध आहों असें कोणीं समजूं नये. ज्या वृद्धांची दृष्टि मंद झाली, त्यांस अंकांची रांग वाचावयास लावणें हा निर्दयपणाच होय, आणि आमच्या वहिनींसारख्या कित्येकींस या नांवांमुळेंच मुलांपुढें हात न करितां स्वतःचा पैसा स्वतः खर्चितां येऊं लागला. आमच्या घरीं आम्हीं फक्त कांहीं साधे नियम घातले आहेत. नव्या नांवावर प्रथम एक रुपया पाठवावा, आणि तो पोहोंचल्याचें त्या व्यक्तीच्या आवाजांतून ऐकावें. लेखी निरोप पुरेसा धरूं नये. पडद्यावरील नांव मोठ्यानें वाचावें, म्हणजे शेजारीं बसलेल्यासही चूक कळते. पैसे घेण्यासाठीं गुप्त अंक लागत नाहींत. जो तो टिपावयास सांगतो तो पैसे नेणारा. पैसा फसवणुकीनें गेला तर संकोच न धरितां तात्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. घरांतील प्रत्येकाचें बँकेंतलें नांव, मग तें माहेरचें असो कीं सासरचें, एका वहींत लिहून ठेवावें. आणि कूटचलनाचा नाद ज्यास असेल त्यानें नांवाबरोबर पुरा पत्ताही दर वेळीं ताडून पाहावा, भाड्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत मांडावी, व जें गेलें तरी घर हलणार नाहीं तेवढेंच त्यांत घालावें.

घरांत नांवें आंखूड होतात तीं प्रेमानें, आणि तेथें चालतातही. कारण विसू म्हणून हांक मारली तर कोणत्या विसूनें ओ द्यावयाची, हें घरांतील पोरासोरांसही ठाऊक असतें. बाजारांत ही ओळख कोणी तरी राखावी लागते. कधीं पोस्टमनानें, कधीं बँकेनें, कधीं शाहानें. ती राखणारा कोण, आणि चूक झाली तर त्याचें दार कोठें ठोठवावयाचें, एवढें आधीं विचारून घेतलें, म्हणजे नांव दोन अक्षरी असो कीं पत्ता बेचाळीस अक्षरी, मनुष्यास रात्रीं स्वस्थ झोंप येईल.